पाठात नसलेलं वाक्य

टेमघरच्या खोलीत ऋतिका रोज दुपारी मोबाइलवर जर्मनचे पाठ ऐकायची. जर्मनीतल्या नर्सच्या नोकरीसाठीच्या भाषेच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. आता शेवटची संधी उरली होती.

रेकॉर्डिंगमधली बाई एक वाक्य बोलून थांबे, मग ऋतिका ते म्हणे. त्या दिवशी तिच्याआधी खाटेवरून आईनेच ते म्हटलं, अगदी स्वच्छ. लकव्याने आईची वाचा जाऊन तीन वर्षं झाली होती.

ऋतिकाने तिचे हात घट्ट धरले. "आई, मराठीत बोल ना गं! एकदा तरी माझं नाव घे!"

आईने मोबाइलकडे बघत जर्मनमध्येच काहीतरी विचारलं. ते पाठात नव्हतं.

रेकॉर्डिंगमधली बाई हसली आणि जर्मनमध्ये म्हणाली, "नाही, ऋतिकाला अजून कळत नाही."

ऋतिकाला शब्दन् शब्द कळला.