न्हाई आलं, अप्पा

"आलं का गं?"

"न्हाई आलं, अप्पा. नुसत्या मुंग्या दिसायल्यात."

मल्लिकार्जुनअप्पांनी अँटेनाचा पाइप दोन्ही हातांनी धरून परभणीच्या बाजूला आणखी थोडा फिरवला. पायाखालचं मातीचं माळवद तापलं होतं. खाली अंगणात त्यांची मुलगी नीला उभी होती. आतल्या खोलीत टीव्हीसमोर जावई वीरभद्र, आणि उंबऱ्यात त्याची आई, नागुबाई. आतलं वर सांगायचं काम नीलाचं.

लग्नात दिलेला टीव्ही वीज कमीजास्त होऊन जळाला, तो बदलून द्या, असा निरोप आला होता. अप्पांनी काल सेलूच्या दुकानात नवा सेट तासभर चालवून बघितला. दुकानदार बन्सीधर शेवटी कंटाळला. "अप्पा, टीव्ही घ्यायलाव का सोयरीक करायलाव? किती पारखता!" अप्पा हसले नव्हते. सेटमध्ये खोट निघाली तर बोल कुणाला लागेल, ते त्यांना ठाऊक होतं.

सोनपेठला उतरल्यापासून नीलाशी त्यांचं काहीच बोलणं झालं नव्हतं. ती पाणी घेऊन आली, तर नागुबाईंनी तांब्या मधेच तिच्या हातातून घेतला. "बसा ईवाई. लेक कुठं पळून चालली? आधी टीव्ही लागू द्या."

"आता?"

"न्हाई."

अप्पांनी पाइप बोटभर मागे घेतला. आत मॅचचं वर्णन करणाऱ्याचा आवाज चढला. आवाज आला म्हणजे चित्र आलंच असं नसतं, हे त्यांना बन्सीधरनं बजावलं होतं. ते थांबले. तेवढ्यात वीरभद्र ओरडला, "आई, बघ, बघ! बॉलसुद्धा दिसायलाय. जुन्यात कदी दिसला का?"

अप्पांनी सुस्कारा सोडला आणि बोल्ट आवळायला खिशातून पाना काढला.

"आलं ना, बाय?"

नीलानं मान वर केली. "न्हाई आलं, अप्पा."

पाना हातातच राहिला. आत वीरभद्र टाळ्या पिटत होता.

सकाळपासून कपाळापर्यंत ओढलेला नीलाचा पदर मान वर करताना खांद्यावर घसरला होता. कानाखालून गळ्यापर्यंत काळानिळा वळ होता. त्याच्या कडा पिवळ्या पडत आल्या होत्या, म्हणजे तो कालपरवाचा नव्हता. तिनं पदर सावरला नाही. उंबऱ्याकडे तिची पाठ होती.

"न्हाई आलं," ती पुन्हा म्हणाली. आवाज तसाच, शांत. "तुमी उतरू नका."

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग खाली वाकले आणि अँटेनाच्या स्क्रूतून वायरचं टोक हळूच सोडवलं.

"गेलं!" आतून आरडाओरडा झाला. "आवो, काय केलं वर?"

अप्पा शिडीवरून सावकाश उतरले. "सेटमधीच खोट दिसती, ईनबाई. चित्र येतंय अन् जातंय. बदलून आणावा लागंल."

नागुबाईंनी त्यांच्या तोंडाकडे निरखून बघितलं. "आत्ता तर ब्येस चालू होता की."

"तीच तर खोट हाय."

"मंग आणा बदलून."

"एकट्याला न्हाई जमत. येताना गुडघ्याचा भुगा झाला. धरायला दोन माणसं पायजेत. नीला येईल संगं."

"नीला? अन् हितं भाकरी कोण थापील? वीरूला न्या की."

"म्या?" वीरभद्र बाहेर आला. "अन् मॅच? म्या बसप्पाकडं चाललो बघायला. जाऊ दे तिला, आई. फायनल पुढच्या रविवारी हाय. त्याच्या आत आणा, म्हंजी झालं."

चप्पल अडकवून तो गेलासुद्धा.

नागुबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. नीलाचा पदर पुन्हा कपाळावर आला होता. ती जमिनीकडे बघत उभी होती. अप्पा टीव्ही खोक्यात घालून सुतळी बांधायला बसले. गाठ बसेना. त्यांनी ती सोडली, पुन्हा मारली.

नीला आत जायला वळली.

"कपडे नगं घेऊस," नागुबाई म्हणाल्या. "दोन दिसांचं तर काम."

नीला थांबली. तशीच मागे फिरली आणि खोक्याची एक बाजू तिनं उचलली.

"अन् नीट धर गं. काच हाय ती," नागुबाईंनी मागून बजावलं.

बस गावाबाहेर पडली. खोकं दोघांच्या मांडीवर होतं. नीलानं त्यावर डोकं टेकलं आणि बघता बघता तिला झोप लागली. अप्पांनी दोन्ही हात खोक्याभोवती घट्ट धरले होते.

पाथरीच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आदळली. अप्पांनी खोकं सोडलं आणि नीलाचं डोकं धरलं. खोकं घसरून पुढच्या सीटच्या दांड्यावर आपटलं. आत काहीतरी खळ्‌कन वाजलं.

नीला दचकून जागी झाली. "फुटलं?"

"झोप तू," अप्पा म्हणाले.