नोंदवहीतला सभ्य माणूस

“पोलाइट हा काय आजार आहे का गं?” मोठ्या सिस्टरने नोंदवही टेबलावर आपटली. “तू तीन शब्द खरडलेस आणि म्हाताऱ्या माणसाला अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घालून नेलं!”

समोर नवी मान खाली घालून उभी होती. वृद्धाश्रमात तिला चार वर्षं झाली होती, पण त्यातली बहुतेक लादी पुसण्यात गेली. पुसता पुसता तिने संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग धरला, आणि महिन्यापूर्वी मेट्रनबाईंनी तिच्या हातातलं फडकं काढून घेऊन नोंदवही दिली. तीन महिने बघू, म्हणाल्या. जमलं तर कायम, नाहीतर बादली आहेच. तेव्हापासून तिचं नाव नवी पडलं.

नोंदवही इंग्रजीत लिहायची, कारण सकाळी फेरीला येणारे डॉक्टर इंग्रजीच वाचत. एकेका आजी-आजोबांची तब्येत कशी आहे, ते एका ओळीत. इथली रीत सोपी होती. वरची ओळ बघायची आणि खाली उतरवायची. वर कम्फर्टेबल, खाली कम्फर्टेबल. मागच्या वर्षी एक आजी गेल्या, त्यासुद्धा नोंदवहीत दुपारपर्यंत कम्फर्टेबलच होत्या.

त्यात वर्गात हा आठवडा विशेषणांचा होता. मास्तरांनी बजावलं होतं, “खुर्ची म्हटलं की सगळ्या खुर्च्या आल्या. विशेषण लावलं की एकच उरते. म्हणून आधी मान वर करून नीट बघा, मग लावा.” गृहपाठ होता रोज भेटणाऱ्या एका माणसाला तीन विशेषणं लावायचा. नवीला फार शोधावं लागलं नाही. तिने पाच नंबरच्या खोलीतले फौजदार घेतले आणि वहीत लिहिलं: रूड, लाऊड, इम्पेशंट.

फौजदार काही फौजदार नव्हते. सगळी हयात टपाल खात्यात गेली होती, पण आवाज असा की खालच्या मजल्यावरचे लोक पाणी पिताना दचकत. चहा आला की थंड, पुन्हा आणला की पांचट. मोठ्या सिस्टरला ते आठ वर्षं रोज न चुकता म्हैस म्हणत आले होते.

आणि परवापासून ते एकदम शहाण्यासारखे वागायला लागले. चहा मुकाट्याने प्यायले. गोळी मुकाट्याने घेतली. सिस्टरने उशी सारखी केली तर “थँक्यू, बाळ” म्हणाले. सगळ्या मजल्याला हायसं वाटलं. सिस्टर तर दिवसभर गुणगुणत फिरत होती. पहिल्या दिवशी नवीनेही कम्फर्टेबल लिहून टाकलं.

काल सकाळी मात्र लिहायच्या आधी तिने मान वर केली. फौजदार पलंगाच्या कडेला बसले होते, दोन्ही हात मांडीवर, नजर भिंतीवर. गृहपाठातला एकही शब्द त्यांना लागू होईना. काय बिघडलंय ते तिला कळत नव्हतं. दिसत होतं ते तिने लिहिलं: क्वाएट, पोलाइट, ओबीडियंट. दहा मिनिटांनी डॉक्टर आले. त्यांचं बोट त्या ओळीवर थांबलं. “पाच नंबर? पोलाइट?” एवढंच म्हणाले आणि धावत खोलीकडे गेले. फौजदारांच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि तिथूनच अ‍ॅम्ब्युलन्स मागवली. जाताना स्ट्रेचरवरून फौजदारांनी सगळ्यांना हात जोडले होते.

तेव्हापासून काही खबर नव्हती. नवीचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. बादली तर बादली, पण आपल्या आगाऊपणामुळे म्हातारा तिकडे एकटा पडला असेल तर? आणि पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं, नि आपण लिहिलं नाही, असं असेल तर? दुसरा विचार पहिल्यापेक्षा वाईट होता.

टेबलावरचा फोन वाजला. मेट्रनबाईंनी उचलला. बराच वेळ त्या नुसत्या हं, हं करत राहिल्या. दारात बाकीच्या बायका येऊन उभ्या राहिल्या.

“चार दिवसांपूर्वी न्हाणीघरात पडले होते,” मेट्रनबाईंनी फोनवर हात ठेवून सांगितलं. “कोणाला बोलले नाहीत. डोक्यात आत रक्त साचत होतं. काल लगेच ऑपरेशन केलं. डॉक्टर म्हणतायत, आणखी एक दिवस गेला असता तर हाती लागले नसते.”

“मग आता?” सिस्टरने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“शुद्धीवर आलेत. नवीशी बोलायचंय म्हणे.”

नवीने फोन कानाला लावला. पलीकडे आधी नुसता श्वास ऐकू आला. मग आवाज आला, खोल गेलेला, पण ओळखीचा.

“किती वेळ लावलास यायला? ऐक. इथली उशी दगडासारखी आहे. पोरगी बहिरी आहे, तीनदा पाणी मागितलं. आणि तो डॉक्टर गाढव आहे. मला टक्कल केलंय त्याने. तिकडे सांग सगळ्यांना, आणि त्या म्हशीला म्हणावं, माझ्या खोलीला हात लावायचा नाही!”

नवीला हसू आणि रडू एकदमच आलं.

“काय म्हणतायत? सांग ना गं!” सिस्टरने तिचा दंड धरला.

“सिस्टर,” नवी डोळे पुसत म्हणाली, “तुम्हाला म्हैस म्हणाले.”

“खरंच?” म्हणत सिस्टर मटकन खुर्चीत बसली आणि पदर तोंडाला लावून ओक्साबोक्शी रडायला लागली.