दारावरचा आकडा

"ती आंघोळीला गेलीय," घड्याळजी म्हणाला आणि दार अडवून उभा राहिला.

घड्याळजी म्हणजे पालिकेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा म्हातारा. घड्याळं दुरुस्त करायचं दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली होती, तरी नाव तेच राहिलं होतं. ती म्हणजे त्याची बायको. ती वारली त्याला तीन वर्षं झाली होती.

दाराबाहेर अग्निसुरक्षेची तपासनीस बाई उभी होती. पालिकेच्या भाड्याच्या घरांत प्रत्येक दाराशेजारी पत्र्याची एक लहान पाटी असायची. घरात माणसं किती, तो आकडा खडूने तिच्यावर लिहिलेला. वर्षातून एकदा तपासनीस येऊन माणसं डोळ्यांनी मोजणार आणि आकडा बरोबर करणार, असा नियम होता. घड्याळजीच्या पाटीवर दोन होता. आधीचा तपासनीस गुडघेदुखीने बेजार. तो खालच्या पायरीवरून ओरडून विचारायचा, घड्याळजी वरून "दोन" म्हणून ओरडायचा, आणि वर्षाचं काम भागायचं. ही बाई नवीन होती आणि तिचे गुडघे शाबूत होते.

घड्याळजी लबाड माणूस नव्हता. मृत्यूचा दाखला त्याने स्वतः कचेरीत नेऊन दिला होता. भाड्याच्या करारातून तिचं नाव कमी केलं, तेव्हा दाखवतील तिथे मुकाट सही केली होती. ते अग्निसुरक्षेला कळण्याची भीती नव्हती, कारण पालिकेच्या एका खात्याचं दुसऱ्याला काही कळत नसे. पण कागद कपाटात जातात. पाटी रोज कुलूप काढताना समोर येते. तिथे एक लिहिलेला त्याला पाहवला नसता. गळकं छत त्याने चालवून घेतलं होतं, जिन्यातला अंधारही. तेवढा दोन मात्र त्याला हवा होता.

बाई म्हणाली, थांबते. ती आत आली. तिने धुराची घंटा वाजवून पाहिली, गॅसची नळी वाकवून पाहिली, खिडकी उघडते का ते पाहिलं. तेवढ्यात घड्याळजीने बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. बादलीवर तांब्या दोनदा आपटला. दार ओढून घेत बाहेर आला आणि म्हणाला की तिला जरा वेळच लागतो.

समोरच्या घरातली शिवणकाम करणारी वहिनी हे सगळं ऐकत होती. तिने दारातून डोकावून सांगितलं, काकूंची आंघोळ म्हणजे तासाची निश्चिंती. इथवर ठीक होतं. पण तेव्हाच वरच्या मजल्यावरचा निवृत्त कंडक्टर जिना उतरला. प्रकरण काय ते त्याने अर्धंच ऐकलं होतं. शेजारधर्म म्हणून त्याने सांगून टाकलं की काकू आत्ताच बाजारात भेटल्या, तब्येत अगदी छान आहे. वहिनीने त्याच्या पायावर पाय दिला. तेव्हा तो म्हणाला, मग आंघोळ उरकूनच निघाल्या असतील.

बाईने वहीत काहीच लिहिलं नाही. ती खुर्चीत बसली आणि वाट पाहू लागली.

बादली भरली आणि वाहू लागली. बाथरूमच्या जाळीत नेहमीसारखा कचरा अडकला होता, म्हणून पाणी उंबऱ्यावरून खोलीत आलं. ते बाईच्या बुटांपर्यंत पोचलं. तिने पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले आणि तशीच बसून राहिली. घड्याळजी फडकं घेऊन खाली बसला. पुसेल तेवढं पाणी पुन्हा येत होतं. आता आतल्या माणसाला एक हाक मारायला हवी, म्हणजे खरं वाटेल, हे त्याला कळत होतं. "अगं, आवर" एवढंच म्हणायचं होतं. पण ते तो तीन वर्षांत म्हणाला नव्हता. तोंड उघडलं, मिटलं आणि तो फडकं पिळू लागला.

"काका," बाई म्हणाली, "ही पाटी कशासाठी असते, माहीत आहे?"

नियमासाठी, असं घड्याळजीने सांगितलं. ती म्हणाली, नाही. मग तिने मागच्या वर्षीची एक आग सांगितली. पलीकडच्या वसाहतीतली. पाटीवर चार होता. जवानांनी तिघांना खाली आणलं. चौथ्यासाठी एक जवान परत वर गेला. धुरात त्याने खाटेखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, सगळ्या खोल्या दोनदा पाहिल्या. चौथा म्हणजे त्या घरातला मुलगा. तो नोकरीसाठी परगावी जाऊन दीड वर्ष झालं होतं. आईने आकडा बदलू दिला नव्हता.

"आणि तो जवान?" कंडक्टरने विचारलं.

"आहे. पण आता त्याला दम पुरत नाही. चार पायऱ्या चढला की बसतो. म्हणून त्याला कचेरीत टेबलाचं काम दिलं, आणि खालून ओरडून विचारणाऱ्यांच्या जागी हे जिने माझ्याकडे आले."

आत नळ धो धो वाहत होता. घड्याळजी गुडघ्यावर हात टेकून उठला. बाथरूममध्ये गेला आणि नळ बंद करून आला. वहिनीने पदर तोंडाला लावला होता. कंडक्टर आपल्या पायाकडे पाहत होता.

घड्याळजी बाहेर पाटीपाशी जाऊन उभा राहिला.

"पुसा तो दोन," तो म्हणाला. "एखादं पोर हिच्यासाठी धुरात शिरलं, तर मी वर गेल्यावर ही मला दारातसुद्धा उभं करायची नाही."