सारंगची प्रत

सारंगने युद्धावर जायला नकार दिला, तेव्हा लष्कराने त्याला घरी सोडलं आणि नियमाप्रमाणे त्याच्या मनाची प्रत काढून रणगाड्यात बसवली. ती प्रतही नकारच देईल, अशी सारंगची खात्री होती.

मेजर खर्डेकर पेढे घेऊनच आले. “अभिनंदन! तुमची प्रत लढायला लागली.”

“कसं शक्य आहे?”

“तुमची आई बॉम्बहल्ल्यात गेली, असं सांगितलं त्याला.”

पिठाच्या हातांनी आई बाहेर धावली. “अहो, मी धडधाकट आहे! लावा त्याला फोन!”

“काकू, उशीर झाला. काल त्याने अख्खं गाव जाळलं, बायापोरांसकट. सुतक फिटेपर्यंतही थांबला नाही.”

“माझा सारंग असं करणार नाही,” आई म्हणाली आणि सारंगकडे वळली. “हो ना रे?”

सारंगला मान हलवता येईना.