न वाचलेला अर्ज

"सर, आमच्या अर्जात नेमकं काय कमी पडलं होतं?" नंदुरबारकडच्या कॉलेजातल्या प्राध्यापिका ज्योत्स्ना वळवींनी विचारलं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या औषधाच्या संशोधनासाठी त्यांनी सरकारी महासंगणकावर वेळ मागितला होता. दोन वर्षांपूर्वी निवड समितीचे प्रमुख डॉ. उपासनींनी तो अर्ज 'माहिती अपुरी' असा शेरा मारून फेटाळला होता.

उपासनींनी जुनी फाइल उघडली. सगळी माहिती होती. त्या दिवशी साठ अर्ज आले होते. अनोळखी कॉलेजचं नाव पाहून त्यांनी हा उघडलाही नव्हता.

एखादी तांत्रिक त्रुटी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण बाई वही उघडून, पेन सरसावून बसल्या होत्या.

"काहीच कमी नव्हतं, मॅडम," ते कसेबसे म्हणाले. "मी अर्ज वाचलाच नव्हता."

बाईंनी वही मिटली. "त्यातले आलेख माझ्या विद्यार्थिनीने काढले होते. तिलाच सिकलसेल होता. गेल्या वर्षी ती गेली. शेवटपर्यंत विचारायची, 'बाई, माझं कुठे चुकलं?'"

उपासनींनी फाइलमधलं आलेखांचं पान काढलं.

बाईंनी नवा अर्ज पुढे सरकवला. "हा आत्ता वाचा, सर. मी थांबते."