व्हॅनमधला जनरेटर

बायको गेल्यापासून आमची कॅम्पर व्हॅन मुलीच्या कारखान्यामागे धूळ खात उभी होती. शेवटी विकायची ठरवली आणि आधी तिचा जनरेटर चालू करून घ्यावा म्हणून मेकॅनिकला घेऊन गेलो. मुलगी आडवी आली.

"बाबा, कशाला उगीच खटपट करता? तो कधीच मेलाय."

मेकॅनिकने दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात जनरेटर धडधडायला लागला.

"काका, चेष्टा करता का गरिबाची? इतकी वर्षं बंद असता तर आत पेट्रोलचा डिंक झाला असता. हे तर ताजं पेट्रोल आहे. कोणीतरी नेहमी चालवतंय."

माझ्या मनात पाल चुकचुकली. व्हॅनची दुसरी चावी जावयाकडे होती. मुलीला बाजूला घेतलं. त्या धडधडाटात ओरडूनच विचारावं लागलं, "जावईबापू इथे कोणाला घेऊन येतात?"

ती हसली. "ते? त्यांना ती चावी कशाची, हेसुद्धा आठवत नसेल."

"मग कोण येतं?"

ती माझ्या कानाशी आली. "मी येते, जेवणाच्या सुट्टीत. घरी पोरं असतात, इथे कामगार. आईची फार आठवण आली की हा लावते आणि आत जाऊन बसते. याच्या आवाजात रडणं बाहेर ऐकू जात नाही."

मेकॅनिक जनरेटर बंद करायला वाकला.

"राहू दे चालू," मी म्हणालो, आणि व्हॅनमध्ये शिरून दार आतून लावून घेतलं.