हातगुण

मी आणि लांब्या एकाच वर्गात चित्रकला शिकलो. गेली आठ वर्षं दोघंही गावोगाव फिरून मोडकळीला आलेल्या इमारतींची चित्रं काढतो. फरक एवढाच, की लांब्याने काढलेली इमारत महिन्याभरात कोसळते. मग त्याचं चित्र ही तिची शेवटची आठवण ठरते आणि संग्रहालयवाले ते मानाने भिंतीवर लावतात.

मी चित्र घेऊन गेलो की तिथल्या बाई विचारतात, "इमारत उभी आहे ना अजून? मग लोक तिलाच जाऊन बघतील की." माझ्या एका घंटाघराची तर चित्र काढल्यावर डागडुजी झाली. पन्नास वर्षं बंद पडलेलं घड्याळसुद्धा चालू झालं. "हातगुण चांगला आहे तुझा," बायको म्हणते. माझा नुसता जळफळाट होतो.

परवा न राहवून लांब्याच्या घरी गेलो आणि सगळं बोलून टाकलं. "माझं एक तरी चित्र त्या भिंतीवर लागावं, एवढीच इच्छा आहे रे."

त्याचे डोळे भरून आले. "एक कशाला, सगळी लागतील," म्हणत त्याने कोरा कॅनव्हास काढला.



"बस समोर. तुझं पोर्ट्रेट करतो."